सुगीच्या सणाची पेटी

आमच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, आणि ऑर्गनची जागा होती बैठकीच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली. तिथे ऊन येत नसे, पावसाची झड येत नसे, आणि वाजवणाऱ्याची पाठ घड्याळाकडे असे, म्हणजे सरावाला बसलेली मुलगी सारखी काट्यांकडे बघणार नाही. हा विचार पप्पांचा. ते नगरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, आणि घरातल्या सामानालाही विद्यार्थ्यांसारखेच जागच्या जागी बसवायचे. ऑर्गन मुळात आमचा नव्हता. मिशन कंपाउंडातल्या एक मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी तो मला दिला. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मला त्यावर बसवून शिकवलं होतं. पाठ ताठ, मनगटं वर, पाय भात्याच्या पायट्यांवर एकामागून एक, आणि डोळे पुस्तकावर. बोटांकडे बघायचं नाही. बोटांकडे बघितलं की मॅडम एक पट्टी आडवी धरत, माझ्या हनुवटीखाली.

पुस्तक म्हणजे उपासनेच्या गीतांचं, स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक. पप्पांनी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि ते दर जूनमध्ये, शाळेच्या पुस्तकांबरोबर, बदललं जाई. रविवारी चर्चमध्ये मी वाजवायची आणि पप्पा शेजारी उभे राहून पानं उलटायचे. त्यांना स्वतःला वाजवता येत नसे, पण स्वरलिपी वाचता यायची. ओळ संपायच्या जरा आधी त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्याखाली जाई, आणि माझी नजर शेवटच्या स्वरावर पोचली की पान उलटलेलं असे. लोक म्हणायचे, बापलेकीचं काय जमतं! जमायचंच. माझा स्वर कधी चुकला नाही. पण एका रविवारी पुस्तक घरी राहिलं, तेव्हा पप्पा सायकलवर टांग टाकून ते घेऊन येईपर्यंत सगळी मंडळी थांबली होती. मी ऑर्गनसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. पुस्तकाशिवाय मला एक ओळ वाजवता येत नव्हती. जी गाणी मी शेकडो वेळा वाजवली होती, तीसुद्धा. त्यात काही कमी आहे असं तेव्हा मलाही वाटलं नाही आणि कुणालाही वाटलं नाही.

नोएल, तारा, तुम्ही ज्याला 'आजीची शिस्त' म्हणून हसता ती त्या घरातली आहे. सकाळी कंपाउंडातल्या कडुलिंबाखालचा पाला झाडण्याचा आवाज, मग शाळेची घंटा, मग किटलीवर लोकरीची टोपी घातलेला चहा. रविवारी उपासनेहून परत येताना दारोदारी मटणाच्या मसाल्याचा वास. आई खोबरं भाजायला बसायची ती चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत, कारण आम्ही परतल्यावर लगेच पानं मांडली गेली पाहिजेत. दुष्काळात मात्र आमच्याही घरी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी आली होती, मिलो. तिच्या भाकरीला आई तव्यावरच नावं ठेवायची. पप्पा ती सुरीने कापून खायचे. भाकरी तुटत नाही म्हणून नव्हे, तुकडे सारखे व्हावेत म्हणून.

मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन, आणि दुष्काळ सरला तेव्हा घरी बसून होते. शेवगावच्या पुढे एका गावात आमच्याच लोकांची छोटी शाळा होती. तिथे इंग्रजी शिकवायला आणि रविवारी पेटी वाजवायला बाई हवी होती. मी अर्ज केला. का केला, हे मला आईने विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. आज सांगते. दिवाळीनंतर कंपाउंडातल्या मुलींच्या शाळेत जागा होणार होती आणि ती मलाच मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी व्हरांड्यात उभी राहिले की ती शाळा दिसायची, तिच्यामागे चर्च दिसायचं, आणि त्याच्यामागे आमच्या लोकांची दफनभूमी दिसायची. माझं पुढचं सगळं आयुष्य चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्या वयात तेवढं पुरेसं असतं घाबरायला.

पप्पा रागावले नाहीत. त्यांनी घडी घालून विषय जागच्या जागी ठेवला. "सुगीच्या सणापर्यंत जा," ते म्हणाले. "सणाला मी येईन आणि तुला घेऊन येईन. तोवर इथली जागाही निघेल." मी मान हलवली. आईने ट्रंक भरली, तळाशी चादरी, वर साड्या, सगळ्यांत वर खाकी कव्हरातलं पुस्तक.

एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढे चालत. पाळकसाहेब मला घ्यायला आले होते. तेच शाळेचे मुख्याध्यापक, तेच उपासना चालवणारे. सडपातळ, हसरे, आणि घाईत असले की धोतराचा सोगा हातात धरणारे. शाळेची खोली हीच रविवारची उपासनेची जागा. बाके भिंतीला लावली, सतरंज्या पसरल्या, की झालं. मला शाळेमागची खोली मिळाली. पाऊस पडून गेला होता, सगळीकडे बोटभर बाजरी उगवली होती, आणि माणसं त्या बाजरीकडे असं बघत होती की मला वाटलं, यांच्यात मोठ्याने बोलू नये.

पहिल्या रविवारी मी पुस्तक घेऊन बसले. बसले म्हणजे जमिनीवर. पेटी होती हाताच्या भात्याची. हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे, पण मांडी घालून बसल्यावर लक्षात आलं की माझा डावा हात गेला. तो आता भाता मारणार. दोन हातांनी जे भरगच्च वाजायचं, ते एका हातावर आलं. तरी पुस्तक समोर होतं. पाळकसाहेबांनी जे गीत सांगितलं ते मला चांगलं माहीत होतं. मी पुस्तकात लिहिलेल्या पट्टीत, म्हणजे ज्या स्वरापासून तिथे सुरुवात छापली होती तिथूनच, ते सुरू केलं, पाठ ताठ ठेवून.

पहिली ओळ लोकांनी कशीबशी म्हटली. दुसरी ओळ वर चढते. तिथे पुरुष एकेक करून गप्प झाले. बायका थोडं पुढे गेल्या, मग त्यांच्यातल्या काहींचे आवाज फाटले, एक म्हातारी खोकायला लागली. मी डोळे पुस्तकावरून काढले नाहीत. तसंच शिकवलं होतं मला. सगळ्यांत पुढे बसलेली एक उंच, रुंद खांद्यांची बाई शेवटपर्यंत झुंजली. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग तिने हातातले टाळ मांडीवर ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "आवं बाई, आभाळाला शिडी लावली का काय? आमी हितं खाली हाव की!"

सगळी शाळा हसली. पाळकसाहेबसुद्धा हसले. ढोलकीवर बसलेले पेत्रसआण्णा, मऊ मनाचा माणूस, मला म्हणाले, "पेटी ग्वाड हाय बाई तुमची. पर लई उच्ची." आणि मग त्या बाईने, यमुनाआत्याने, ते गीत स्वतःच उचललं. खालून, सावकाश, पहिली ओळ पुन्हा पुन्हा घेत, प्रत्येक वेळी तिला वेगळा बाक देत. ढोलकी आली, टाळ आले, आणि जे गीत मी नगरला ताठ मानेने वाजवत आले होते ते माझ्यासमोर उठून नाचायला लागलं. मी भाता मिटून बसले होते. माझ्या मांडीवर उघडं पुस्तक होतं आणि खोलीत जे वाजत होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "आठवडाभर शिकवा, मुलं खूश आहेत. पण बाई, सुगीच्या सणाला आसपासच्या गावांची मंडळी येतात. त्या दिवशी पेटी लागतेच. तुम्हाला जमणार नसेल तर शेवगावचा पेटीवाला सांगून ठेवावा लागेल, आणि पुढच्या वर्षी शाळेची समिती बाईही दुसरीच बघेल. आधी सांगितलेलं बरं."

म्हणजे हिशेब सरळ होता. पेटी जमली नाही तर मी सणाला पप्पांबरोबर परत जायचं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटणार नव्हतं. मी खोलीत जाऊन ट्रंक उघडली, पुस्तक तळाशी, चादरींच्या खाली ठेवलं, आणि बराच वेळ कडी लावली नाही. परत जाणं किती सोपं होतं! त्या सोपेपणाचीच मला चीड आली. तुम्हाला खरं सांगते, मला तेव्हा त्या गावाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मला फक्त त्या बाईसारखं ते गीत वाजवायचं होतं.

शनिवारी दुपारून शाळा नसे. मी यमुनाआत्याच्या शेतावर गेले. खुरपणी चालली होती, चारपाच बायका ओळीने बसून पुढे सरकत होत्या आणि गात होत्या. मला बघून आत्या थांबली नाही, खुरप्यानेच शेजारची ओळ दाखवली. "बसा. पर बाजरी उपटू नगा, गवात उपटा." बायका खुदखुदल्या. मी पदर खोचून बसले. जरा वेळाने मी विचारलं, "आत्या, हे गाणं तुम्ही कुठून सुरू करता?"

"तोंडातनं," ती म्हणाली.

"तसं नाही. कुठल्या सुरावर? रोज एकच सूर असेल तर मी पेटीवर तो धरून ठेवीन."

तिने खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "रोज एक कसा आसंल? काल वांगं खाल्लं म्हून आजबी वांगंच खायाचं? आज नरडं बसलंय, तर आज खालून. परवा सोयरी आल्ती, तवा वरून काढलं. तुमी नरडं बघा की माजं. कागूद काय बघताय?"

हे ऐकून माझा धीर खचायला हवा होता. पण घरी परतताना बांधावरच मला एक गोष्ट सुचली आणि ती सर्वस्वी माझ्या घरातली होती. सूर कुठलाही निघू दे. मला जर ते गीत पेटीच्या प्रत्येक पट्टीतून, पांढऱ्या आणि काळ्या, सारखंच वाजवता आलं, तर आत्या कुठूनही निघाली तरी मी तिथे हजर असेन. शिस्तीने करण्यासारखं काम होतं हे! सोमवारपासून शाळा सुटली की मी बाके लावून झाल्यावर पेटी काढू लागले. एका दिवसाला एक पट्टी. पुस्तक ट्रंकेतच. पहिल्या पांढरीवरून वाजवलं ते एखादं मूल भिंतीला धरून चालतं तसं. काळ्या पट्ट्यांवर बोटं घसरत, शिव्या येत नव्हत्या म्हणून मी इंग्रजी क्रियापदं म्हणायची. बोटांकडे बघायचं नाही हा मॅडमचा नियम मात्र आता फार उपयोगी पडला, कारण डोळे मिटले की आत्याचा आवाज आठवायचा आणि बोटं त्याच्यामागे जायची. भाद्रपदातल्या उन्हात खोली तापायची, पत्र्यावर चिमण्या टकटकायच्या, आणि मी तेच एक गीत वेगवेगळ्या दारांनी आत आणत बसायची.

शनिवारी शेत. तिथे पेटी नव्हती, मी फक्त ऐकायची, आणि आत्याने सूर काढला की मनातल्या मनात पट्टी ओळखायची. घरी येऊन पेटीवर ताडून बघायची. सुरुवातीला सगळं चुकायचं, मग अर्धं बरोबर यायला लागलं. एका शनिवारी आत्याने मला घरी जेवायला ठेवून घेतलं. शेंगोळे केले होते: हुलग्याच्या पिठाचे, लसणाचे, लांबट वळलेले, झणझणीत रश्श्यात शिजवलेले. नाक वाहेपर्यंत खाल्ले. मी ताटात भाकरी काळजीपूर्वक सारख्या तुकड्यांत मोडत होते. आत्या बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, भाकरीला काय परीक्षेला बसिवलंय?" मग तिने माझ्या ताटातली भाकरी उचलली, हाताने चुरगळून रश्श्यात टाकली आणि म्हणाली, "आता खावा." तारा, तुला मी अजूनही भाकरी तशीच चुरून देते ना, ते त्या दिवसापासून. आईच्या घरी हे कुणी करत नसे.

पेत्रसआण्णांनी मला त्याच सुमारास एका रविवारी हळूच विचारलं, "बाई, पेटी का वाजवीत न्हाई आता? आत्याचं मनावर घेतलं व्हय?" मी म्हटलं, "सणाला वाजवीन आण्णा." हे शब्द तोंडातून गेले आणि पाळकसाहेबांनी ते ऐकले. शेवगावच्या पेटीवाल्याला निरोप गेला नाही. आता मागे जायला वाट नव्हती.

सुगीच्या सणाचा दिवस असा उजाडला की दुष्काळ पाहिलेल्या माणसालाच तो कळावा. शाळेपुढे चादरी जोडून मांडव घातला होता. येणारा प्रत्येक जण आपल्या पिकातलं पहिलं काहीतरी आणत होता आणि वेदीपुढे ठेवत होता: बाजरीच्या कणसांच्या जुड्या, मुगाच्या शेंगा, मातीसकट भुईमुगाचे वेल, डांगर, अंडी, तुपाचा गडवा, पाय बांधलेला एक लालभडक कोंबडा. आदल्या सणाला, दुष्काळात, बायकांनी मला सांगितलं, वेदीपुढे एक पाण्याची घागर तेवढी होती. यमुनाआत्या पहाटेपासून सगळ्यांवर ओरडत होती, मांडवाच्या खुंट्यांपासून चुलीतल्या जाळापर्यंत, त्यामुळे तिचा घसा पार बसला होता.

पप्पा फाट्यावरून चालत आले. बुटांवर धूळ, कोट हातावर घडी घातलेला. गावात असलेली एकुलती एक खुर्ची त्यांना दिली गेली आणि ती नेमकी पेटीशेजारी मांडली. त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "पुस्तक कुठे आहे?"

"ट्रंकेत, पप्पा."

"ट्रंकेत?" ते स्वतः उठले, माझ्या खोलीत गेले आणि चादरींखालून पुस्तक काढून घेऊन आले. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. तेच, पहिल्या रविवारचं. पप्पांनी पान काढलं, खुर्चीच्या कडेवर येऊन पुस्तक माझ्यासमोर धरलं, आणि त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्याखाली गेलं.

मी सुरू केलं नाही. मी भात्यावर हात ठेवून यमुनाआत्याकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी घसा खाकरला. पप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "सुलू, मंडळी थांबलीय." आत्याच्या लक्षात आलं. तिने भुवया उंचावल्या, हसली, आणि बसलेल्या घशातून, खोल विहिरीतून काढावा तसा सूर काढला.

तो सूर कुठल्याच पट्टीवर नव्हता. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडला. याचा सराव मी केला नव्हता; याचा सराव करताच येत नाही. वरची पट्टी धरली तर तिच्या घशाला पेलणार नाही. मी खालची धरली, अगदी हलकी, भाता जेमतेम दाबून, विचारल्यासारखी. आत्याचा आवाज किंचित थबकला, आणि मग तो त्या सुरावर येऊन बसला, दमलेला माणूस ओट्यावर टेकावा तसा. अर्धं अंतर मी गेले होते, अर्धं ती आली होती. पेत्रसआण्णांची थाप पडली आणि सगळा मांडव त्यात शिरला.

मग काय सांगू! पहिली ओळ फिरून फिरून येत होती आणि दर वेळी माझी बोटं तिच्या बरोबर वळत होती. पप्पांनी सवयीने पान उलटलं, आणि मंडळी अजून पहिल्याच ओळीवर होती. त्यांनी पान परत मागे घेतलं. मग पुन्हा उलटलं. मला हसू येत होतं. दुसरी ओळ, ती वर चढणारी, आली, आणि या खेपेला कुणाचा आवाज फाटला नाही. शेवटच्या रांगेतले पुरुषही तोंड उघडून गात होते. आत्याचा घसा तापून मोकळा झाला तशी तिला खोडी सुचली. तिसऱ्या कडव्याला माझ्याकडे बघत तिने सूर एकदम वर उचलला. मांडवातल्या जाणत्या माणसांनी वळून पेटीकडे बघितलं. मी तिच्याबरोबर वर गेले. त्या पट्टीला मी चांगली ओळखत होते. तिच्यावर मी सगळ्यांत जास्त क्रियापदं म्हटली होती. आत्या ओरडली, "आगं माज्या बाई!" आणि तिथे मीही एक खोडी काढली. ऑर्गनवर उजव्या हाताने दोन स्वर एकदम धरायची सवय होती, खालचा आधाराला. तो खालचा स्वर मी घातला. मांडवातून "आऽ" असा आवाज आला. पेत्रसआण्णा मला पुढे कित्येक दिवस विचारत होते, "बाई, दुसरी पेटी कुटं लपवली हुती?"

गीत संपलं तेव्हा माझी पाठ ताठ नव्हती. मी पप्पांकडे बघितलं. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, मिटलेलं, आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं खाकी कव्हरावर अजून ठेका धरत होती.

जेवणं झाली. पप्पांनी बाजरीची भाकरी तुकडे न करता खाल्ली, कारण सुरी नव्हती. मग ते आणि मी शाळेच्या पायरीवर बसलो. "डावा हात काय करतो मग?" त्यांनी विचारलं.

"भाता मारतो."

"हं." त्यांनी बुटांवरची धूळ झटकली. "ते पुस्तकात नव्हतं."

"नाही, पप्पा."

"ट्रंक भरलीयस का? चारची गाडी आहे."

सूर काढण्याआधी आत्याच्या तोंडाकडे बघताना जसं वाटलं होतं तसंच मला वाटलं. इथेही पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, "पप्पा, पाळकसाहेब मला कायम ठेवायचं म्हणतात, आत्ताच पंगतीत विचारलं. मी राहते म्हणून सांगितलंय." अर्ज मी केला होता, पण जा म्हणाले होते तेच; त्यांना न विचारता घेतलेला हा पहिला निर्णय. मांडवातून हाका येत होत्या. लिलाव सुरू झाला होता.

आमच्याकडे सुगीच्या सणाला वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि ते पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्यात एक रीत आहे. पाहुण्याने वस्तू घेतली की त्याने ती परत वेदीपुढे ठेवायची, म्हणजे ती पुन्हा लिलावात निघते. एकच डांगर दुपारभर हातोहात फिरतं. नगरच्या चर्चमध्ये आम्ही बंद पाकिटं टाकत असू, त्यामुळे पप्पांना हे माहीत नव्हतं. लिलाव पुकारत होती यमुनाआत्याच. तिने कोंबडा उचलून धरला. "नगरचं सायेब गप का? आमचा कोंबडा पसंत न्हाई व्हय?"

पप्पा उभे राहिले आणि त्यांनी बोली लावली. पेत्रसआण्णांनी गंमत म्हणून चढवली. पप्पांनी आणखी चढवली. ज्या माणसाने आयुष्यभर भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, कारण ते शोभत नाही, तो मांडवात हात वर करून ओरडत होता, आणि मुलं टाळ्या पिटत होती. कोंबडा पप्पांना सुटला. सगळे टाळ्या वाजवून थांबले, आता साहेब तो परत ठेवतील म्हणून. पप्पांनी तो काखेत घट्ट धरला, पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन निरोप घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि फाट्याच्या वाटेला लागले. मी सांगायला धावणार, तोच आत्याने माझा पदर धरला.

"न्हेऊ द्या," ती म्हणाली. "लेक ठिवून चाललेत. कोंबडा तरी न्हेऊ द्या."

पुढचं मला आईने सांगितलं. संध्याकाळी तिने दोन माणसांचा स्वयंपाक वाढवून ठेवला होता. माझी खोली झाडली होती. दार वाजलं. दारात पप्पा, कोटावर पिसं, काखेत एस.टी.च्या धक्क्यांनी चिडलेला कोंबडा. आईने त्यांच्यामागे अंगणात बघितलं, फाटकापर्यंत बघितलं. "अहो, सुलू कुठंय?"

पप्पांनी कोंबडा खाली ठेवला, उत्तरेच्या खिडकीखाली, ऑर्गनच्या पायाला बांधला आणि बूट काढायला बसले. खाकी पुस्तक ते गावातच विसरून आले होते.

"ती कामात आहे," ते म्हणाले.